कुणाच्या कुळाचं दूध

माशेझी माझ्या घरी चहा प्यायची, पण बिनदुधाचा. आमच्या गोठ्यात तेव्हा दोन गाई होत्या आणि त्या माझ्या नवऱ्याच्या कुळाच्या, म्हणजे हादेबेंच्या. परक्या कुळाच्या गाईचं दूध तिनं जन्मात तोंडाला लावलं नाही. विरजलेलं दूध, आमचं अमासी, तर तिच्यासमोर वाडग्यात काढायचीही सोय नव्हती. दुकानातल्या पिशवीतलं मात्र चालायचं. "ते कारखान्याचं," ती म्हणायची, "त्याला ना कूळ ना गाव."

"आता एवढं कोण पाळतं गं?" मी विचारायची.

"आपण कोण हे ज्याला ठाऊक आहे तो पाळतो. उद्या तुझ्याकडचं अमासी खाल्लं की मी हादेबेंची लेक झाले. मग तुझ्या दिराशी माझं लग्न कसं लावशील?"

"दीर जाऊन किती वर्षं झाली, माशेझी."

"म्हणून तर म्हणते. आता तो नाही म्हणू शकत नाही."

आम्हा झुलूंकडे लग्न झालेल्या बाईला माहेरच्या कुळावरून हाक मारतात. ती शेझींची लेक म्हणून माशेझी. मी थूसींची, म्हणून माथूसी. सासरी ती झुंगूंच्या घरात पडली. नवरा साखर कारखान्यात होता, तो तरुणपणीच गेला. मग शाळेच्या फाटकासमोर तिनं अमाग्विन्यांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, टोपली मांडली आणि त्या टोपलीवर दोन मुलं वाढवली. पोरं तिच्याकडे गर्दी करायची, कारण ती गोळा मोठा काढायची आणि वर एक टोमणाही द्यायची. "हात धुतलेस का? नाही? बरं, मग डाव्या हातानं खा, तो तरी कमी मळका दिसतो."

बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, ही बाई कशालाच भीत नाही. मी तिच्या शेजारी तीस वर्षं राहिले. ती एका गोष्टीला फार भ्यायची. तान्ह्या बाळाच्या पोटात काय जातं, या गोष्टीला.

त्याचं कारण तिची थोरली, तेंबिले. तिला तो आजार झाला, रक्तातून आणि आईच्या दुधातूनही पसरणारा, तेव्हा त्याचं नाव कुणी घेत नसे. तिच्या गरोदरपणात क्लिनिकनं सांगितलं, बाळाला अंगावर पाजू नकोस, हा पावडरचा डबा घे. पण डबा म्हणजे दवंडीच. कुणाच्या चुलीपाशी तो दिसला की साऱ्या वस्तीला कळायचं, या घरात काय शिरलंय. माशेझीनं डबा मक्याच्या पिठाच्या पोत्यात लपवला आणि लेकीला सांगितलं, "एकटी असलीस की डब्यातलं दे. दारात कुणी आलं की शालीखाली घे." तेंबिले आईचं ऐकणारी होती. तिनं तसंच केलं. बाळ दात यायच्या आधी गेलं आणि त्यामागोमाग तेंबिले.

नंतरच्या वर्षांत क्लिनिकचं म्हणणं बदललं. आयांना गोळ्या मिळू लागल्या आणि भिंतीवर चित्रं लागली, अंगावरच पाजा, दुसरं काही देऊ नका. ती चित्रं दिसली की माशेझी तोंड फिरवायची. "आधी म्हणाले दूध मारतं, आता म्हणतात दूध तारतं. त्यांनी ठरवेपर्यंत माझी दोन गेली." यापलीकडे ती त्याबद्दल बोलत नसे.

धाकटा म्लुंगिसी जोहान्सबर्गच्या रस्त्यावर मोठा ट्रक चालवायचा. त्याची बायको बोंगेकिले अबोल होती, उंच होती, आणि सासूच्या बडबडीला न घाबरणारी होती. तिला दिवस गेले तेव्हा माशेझीनं अमाग्विन्यांची टोपली एका बाईला देऊन टाकली आणि सुनेच्या मागेमागे फिरू लागली. शेवटच्या महिन्यात बोंगेकिलेचा रक्तदाब चढला. डोळ्यांपुढे ठिपके नाचतात, असं ती म्हणाली त्या दुपारीच टॅक्सीनं तिला उसाच्या टेकड्यांपलीकडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मीही गेले, कारण डॉक्टर इंग्रजीत बोलतात आणि माशेझीला इंग्रजी म्हटलं की घाम फुटायचा. पोट उघडून बाळ काढलं. मुलगा होता, वेळेच्या थोडा आधी आलेला, पायाची बोटं मुळ्याच्या शेंगांसारखी बारीक.

बाळ आईला नीट धरत होतं. ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. पण बोंगेकिलेचं दूध उतरेना. पिळलं तर पिवळट थेंब यायचा, एवढंच. रक्तदाबाच्या औषधानं ती गुंगीत असायची आणि अंग सुजून घट्ट झालेलं. बाळाचं वजन उतरू लागलं. पहिल्यांदा उतरतंच, असं म्हणाले. मग दुसऱ्यांदा उतरलं तेव्हा कुणी तसं म्हणालं नाही.

वॉर्डाच्या सिस्टर खुझ्वायो खाटेपाशी आल्या. ठेंगण्या, दमलेल्या, बोलताना आधी चष्मा वर सरकवणाऱ्या.

"गोगो," त्या माशेझीला म्हणाल्या, आजीबाईला म्हणतात तसं, "यात चूक कुणाचीच नाही. आईचं दूध यायला उशीर होतोय, येणार नक्की. तोवर बाळानं काय खायचं? दर वेळी आधी आईलाच लावायचं. मग वर कपानं एवढंसं दुसऱ्या आईचं दूध. हिचं उतरलं की ते बंद."

"दुसऱ्या कुठल्या आईचं?"

"ज्यांना जास्त येतं त्या देतात. त्यांचं रक्त तपासलेलं असतं. दूध तापवतात, गोठवून ठेवतात. आपल्याकडे डर्बनहून येतं."

"तिचं नाव काय?"

"नाव सांगत नाहीत, गोगो."

"नाव नको मला. कूळ सांग."

"ते मलाही ठाऊक नसतं. आणि एकीचं नसतंच, चार-पाच जणींचं एकत्र करतात."

माशेझीनं माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतरात काही चुकले असेन, अशा नजरेनं. पण सिस्टर झुलूतच बोलत होत्या.

"चार-पाच कुळांचं एकत्र," ती सावकाश म्हणाली. "मग ह्याचे पूर्वज ह्याला ओळखणार कसे? आणि उद्या मोठा झाल्यावर ज्या पोरीला हा घरी आणील, ती ह्याची दूधबहीण नाही हे मला कोण सांगणार? तू सांगशील?"

"गोगो, आधी मोठा तर होऊ दे."

"मग डब्यातलं?" मी मध्येच विचारलं.

"डबा नाही," माशेझी म्हणाली. तो आवाज मी तिच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

बोंगेकिलेनं डोळे उघडले. "द्या, सिस्टर. मी आई आहे त्याची. द्या."

म्लुंगिसीला फोन लावला. ट्रकचा आवाज इतका होता की तो ओरडूनच बोलत होता. "मा, सिस्टर सांगते तसं कर. घरी आल्यावर बकरी कापू, पूर्वजांना सांगून टाकू."

"आधी सांगतात, पोरा. नंतर सांगण्याला माफी मागणं म्हणतात."

"मग माफी मागू. मा, मी घाटात आहे, ठेवतो."

माशेझीनं फोन मला दिला, शाल नीट केली, आणि म्हणाली, "ठीक आहे. कप मी धरते. आजीचंच काम ते."

सिस्टरना बरंच वाटलं. एवढ्या मोठ्या वॉर्डात त्या आणि आणखी एक नर्स, दोघीच होत्या, आणि बोंगेकिलेला मान सावरून बसणंही जमत नव्हतं. त्यांनी माशेझीला दाखवलं: बाळ बसतं धरायचं, कपाची कड खालच्या ओठाला टेकवायची, ओतायचं नाही, त्यानं जिभेनं घ्यायचं. माशेझी लक्ष देऊन ऐकत होती. मला वाटलं, वळली एकदाची.

पुढे दर वेळी तसंच. बाळ आईच्या अंगावर, मग माशेझी त्याला खिडकीशी खुर्चीवर घेऊन बसायची, आमच्याकडे पाठ करून. "उजेड लागतो मला," म्हणायची. जराशानं कप रिकामा आणून ठेवायची. "घेतलं?" सिस्टर विचारायच्या. "घेतलं."

आणि तरी वजन पुन्हा उतरलं.

ते कसं झालं, कुणालाच कळेना. दुसऱ्या सकाळी बाळ आईला लावलं तर दोनदा ओढून झोपी गेलं. गाल चोळले, पाय चोळले, डोळे उघडले, पुन्हा मिटले. त्याची कातडी हळदीचा हात लागल्यासारखी दिसू लागली होती. लंगोट कोरडा होता. समोरच्या खाटेशेजारचा पाळणा त्या सकाळी रिकामा झाला होता. त्यावर निळं पांघरूण चौकोनी घडी करून ठेवलेलं, आणि त्या खाटेवरची बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली. बोंगेकिले त्या घडीकडे बघायची आणि मग आपल्या बाळाच्या छातीकडे, ती वरखाली होते का ते.

डॉक्टर आले. तरुण होते, घाईत होते. मला इंग्रजीत म्हणाले, आईचं आणि वरचं मिळून एवढं दूध पोटात जात असेल तर मूल असं उतरायला नको. म्हणजे आत काहीतरी दुसरं आहे. रक्त तपासावं लागेल, नळी घालावी लागेल, डर्बनला पाठवावं लागेल. अॅम्ब्युलन्स सांगतो, पण ती कधी येईल ते सांगता येत नाही.

मी ते माशेझीला सांगितलं. तिचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला.

"आत काय दुसरं?" तिनं विचारलं.

"त्यांना ठाऊक नाही. टोचून बघतील."

ती उठली आणि बाहेर गेली. वॉर्डामागे नळ होते, तिथे बायका कपडे धुवायच्या. मी मागे गेले. ऊन चढलेलं होतं, समुद्राकडून दमट वारा येत होता. ती नळाशी वाकली होती, शालीचं एक टोक चोळत होती. जवळ गेले तसा मला वास आला. आंबट, घट्ट वास, अमासी ठेवायच्या वाळक्या भोपळ्याचं बूच काढल्यावर येतो तसा.

अमासी ती दवाखान्यात आणणार नाही. मग हा वास कशाचा, हे कळायला मला वेळ लागला नाही, पण मानायला लागला.

"माशेझी," मी म्हटलं, "तू त्याला पाजलंच नाहीस."

तिनं चोळणं थांबवलं नाही.

"एकदाही नाही?"

"ओठाला लावलं," ती म्हणाली. "कड लावली. मग माझाच हात मागे यायचा. शालीत मुरवायचे."

"कुळासाठी? कुळापायी तू..."

"कूळ." ती हसली, पण त्या हसण्यात आवाज नव्हता. "कूळ सांगितलं की लोक भांडतात तरी. दुसरं सांगितलं तर गप्प होतात. माथूसी, तेंबिलेच्या पोराला कसं पाजायचं ते मीच सांगितलं होतं. मी. क्लिनिकनं नाही, तेंबिलेनं नाही. आता हे म्हणतात तपासलंय, तापवलंय. तेव्हाही काहीतरी म्हणतच होते. पुन्हा माझ्या हातानं पोराच्या तोंडात काहीतरी जाणार आणि पुन्हा..." ती थांबली. "मला वाटलं, हिचं उतरेल. आज उतरेल, आत्ता उतरेल. तेवढी कळ काढली की झालं."

"तो उपाशी आहे, माशेझी. आत दुसरं काही नाही. तो नुसता उपाशी आहे."

तिचं चोळणं थांबलं. तिला ते खरंच सुचलं नव्हतं, असं मला वाटलं. परक्या दुधाला ती इतकी भीत होती की दूध नसण्याला भ्यायला जागाच उरली नव्हती.

"जाऊन सांग," मी म्हटलं. "ते उगाच टोचाटोची करतील, अॅम्ब्युलन्सची वाट बघत बसतील."

"बोंगेकिले मला पोराला हात लावू देणार नाही. कधीच."

"नाही देणार कदाचित."

"तू सांग ना. इंग्रजीत सांग, डॉक्टरला."

"बोंगेकिलेला इंग्रजी नको आहे. तू सांगितलं नाहीस तर मी सांगते, पण तिला ते तुझ्याकडून कळायला हवं."

तिनं ओली शाल अंगाभोवती घेतली आणि आत गेली. मी तिच्या मागोमाग गेले.

सिस्टर खुझ्वायो तिथेच होत्या. माशेझी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, सासूनं सुनेसमोर कधी राहू नये तशी, मान खाली घालून.

"माकोती," ती म्हणाली. आमच्याकडे सुनेला असंच म्हणतात. "कपातलं दूध त्यानं प्यायलं नाही. मी दिलंच नाही. शालीत ओतलं."

बोंगेकिलेला पहिल्यांदा कळलं नसावं.  मग ती उठून बसली, पोटाचे टाके धरून.

"सगळ्या वेळा?"

"सगळ्या वेळा."

"तुम्ही 'घेतलं' म्हणालात."

"म्हणाले."

"मी झोपत होते, मा," बोंगेकिले म्हणाली. "ते तुमच्या हातात आहे म्हणून मी झोपत होते."

तिनं हात पुढे केले आणि बाळ पाळण्यातून उचलून घेतलं. सिस्टरनी चष्मा वर सरकवला. रागानं त्यांचे ओठ पांढरे झाले होते, पण त्या एवढंच म्हणाल्या, "नंतर बोलू, गोगो. आधी हे." दुसऱ्या नर्सला डॉक्टरकडे पिटाळलं आणि स्वतः दूध गरम पाण्यात धरायला गेल्या.

 दूध होतं, कप होता, द्यायला हात होते, आणि बाळ घेईना. सिस्टरनी त्याला उघडं केलं, ओल्या फडक्यानं पाय पुसले, पाठ चोळली. कपाची कड ओठाला लावली. दूध आत गेलं आणि तोंडाच्या कोपऱ्यातून तसंच बाहेर आलं, हनुवटीवरून मानेच्या घडीत. पुन्हा लावलं. पुन्हा बाहेर. बोंगेकिले त्याच्या कानाशी काही बोलत होती, नाव नव्हतंच ठेवलेलं, म्हणून नुसतं "अरे, अरे" म्हणत होती. सिस्टरनी दाराकडे पाहिलं. डॉक्टर अजून आले नव्हते.

माशेझी भिंतीला टेकून उभी होती. तिथून तिचा आवाज आला, हळू, परक्याच्या दारात उभं राहून बोलावं तसा.

"खाबाझेला," ती म्हणाली. ते एका कुळाचं मानाचं नाव. अशा नावानं हाक मारली की त्या घरच्या गेलेल्यांनाही ऐकू जातं. "खाबाझेला, हे तुमच्या लेकीचं असेल तर आम्ही झुंगूंचं पोर तुमच्या दारात आणलंय. म्वेलासे, तुमच्या लेकीचं असेल तर. न्दोसी. बुंगाने. म्तुंग्वा. तुमच्यापैकी ज्यांचं असेल त्यांनी रागावू नका, आम्ही विचारलं नाही, आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्याला घेऊ द्या."

तिला जेवढी कुळं ठाऊक होती तेवढी ती घेत होती. मध्येच एकदा अडखळली आणि घाबरून सिस्टरकडे बघितलं, कुणी राहिलं तर? सिस्टर खुझ्वायो कपावरची नजर न हलवता म्हणाल्या, "मापोलोबा राहिले, गोगो."

"मापोलोबा," माशेझी म्हणाली.

कितव्या खेपेला ते मला सांगता येणार नाही, पण दूध बाहेर आलं नाही. बाळाच्या गळ्यात काहीतरी हललं. सिस्टरनी कप तसाच धरून ठेवला, आणि त्यानं जीभ काढली, मांजराच्या पिल्लासारखी, आणि चाटलं. मग पुन्हा गिळलं.  

डॉक्टर आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि माशेझीकडे असं पाहिलं की ती आणखीच भिंतीत गेली. ते म्हणाले, अॅम्ब्युलन्स रद्द करत नाही. दुपारपर्यंत बघू. रक्त तरीही घेतलं.

दुपारपर्यंत आम्ही काही खाल्लं नाही. दर वेळी आधी आईला लावायचं, मग कप, आणि कप सिस्टरच धरायच्या. प्रत्येक वेळी वाटायचं, आता नाही घेणार. थोडं घ्यायचा, थोडं सांडायचा. माशेझी वॉर्डाच्या दाराबाहेर बाकावर बसली होती. कुणी तिला बाहेर बस म्हटलं नव्हतं. मी पाव नेऊन दिला, तो तिनं हातातच धरला. "लंगोट?" एवढंच ती विचारायची. मी आत जाऊन बघायची आणि मान हलवायची. कोरडा.

ऊन कलल्यावर बोंगेकिलेनं त्याच्या ढुंगणाखाली हात घातला आणि हात बाहेर काढून बघितला. ओला होता. तिनं तो मला दाखवला आणि रडायला लागली, आवाज न करता, तोंड वाकडं करून. मी दाराशी गेले. सांगावं लागलं नाही. माशेझीनं पाव बाकावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

पुढच्या पाजण्याच्या वेळी समोरच्या खाटेकडून सिस्टरना हाक आली. तिथल्या बाईला एकदम थंडी भरली होती. सिस्टरनी कप बोंगेकिलेच्या हातात दिला आणि धावल्या. बोंगेकिलेच्या एका हातात सलाईनची सुई, मांडीवर बाळ, टाक्यांमुळे वाकता येत नव्हतं. मी पुढे झाले. माझे हात कापतात. म्हातारपणाचं आहे ते. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं, मग दाराकडे.

"मा," तिनं हाक मारली.

माशेझी आली, पण खाटेपासून दूर थांबली.

"बसा इथे. खिडकीशी नाही. इथे, माझ्यासमोर."

माशेझी बसली. बोंगेकिलेनं बाळ तिच्या मांडीवर दिलं, त्याची मान मात्र आपल्या हातावरच ठेवली. मग कप दिला. माशेझीनं तो दोन्ही हातांनी घेतला, मोठ्या माणसाकडून काही घेताना आम्ही घेतो तसा, आणि कड त्याच्या ओठाला लावली. तिचा हात मागे आला नाही. बोंगेकिले कपाकडे बघत नव्हती. ती बाळाच्या गळ्याकडे बघत होती, आणि प्रत्येक घोटाला ओठ हलवून मोजत होती.